पाच माणसं, पाच डबे आणि महिन्याचे साडेसात हजार

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्यांनाही कळेल. जिंतूर तालुक्यातलं घर. वडील ५९ वर्षांचे, बारा वर्षांपासून शुगर. आई ५४ची, गुडघे दुखतात. बायकोचं बाळंतपण होऊन पाच महिने झालेत, केस गळतायत, जिना चढला की दम लागतो, हिमोग्लोबिन ९.२. धाकटा भाऊ पोलीस भरतीची तयारी करतोय. आणि तुम्हाला स्वतःला दुपारनंतर अंगात त्राण राहत नाही. नात्यातल्या एकानं सगळ्यांसाठी मिळून पाच डब्यांचा संच सांगितलाय: प्रोटीन पावडर, मल्टिव्हिटॅमिन, ओमेगा, कॅल्शियम आणि नोनीचा रस. महिन्याला साडेसात हजार. तुम्ही विचारताय की हाच घ्यावा की दुसरी एखादी कंपनी चांगली आहे.

कंपनीवर येतेच, पण खरी अडचण ती नाही. पाच माणसांच्या पाच वेगळ्या तक्रारी आहेत आणि सगळ्यांना औषध एकच, असा हा संच आहे. तुमच्या शेतात कापसाला बोरॉन कमी पडतंय का नत्र, हे न बघता दुकानदारानं सांगितलेली सगळी टॉनिकं एकाच पंपात घालून मारली तर काय होतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

मी आहारतज्ज्ञ आहे, परभणीत बावीस वर्षं काम करते. डॉक्टर नाही. त्यामुळे औषध सुरू-बंद करणं माझ्या हातात नाही आणि न बघितलेल्या माणसाबद्दल काही गोष्टी मी सांगूही शकत नाही. तुमच्या घरातल्या किडनीच्या तपासण्या, चालू गोळ्यांची नावं, आईचं वजन, यावर उत्तर बदलू शकतं. तरी विचार कसा करायचा ते सांगता येईल.

सुरुवात आईपासून करते, कारण तुमच्या मजकुरात शेवटी एक ओळ जाता जाता आली आहे: “सध्या आई बाजारातल्या एका माणसाकडून गुडघ्याची पुडी आणते, त्यानं मात्र दोन दिवसांत फरक पडला.” बाकी सगळं बाजूला ठेवा, आधी ही पुडी बघा.

झिजलेला गुडघा दोन दिवसांत बरा करणारी जडीबुटी माझ्या पाहण्यात नाही. दोन दिवसांत फरक पाडणारी औषधं मात्र आहेत, त्यातलं एक म्हणजे स्टेरॉइड. लेबल नसलेल्या पुड्यांत ते मिसळलेलं निघतं. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक बाई वजन कमी करायला आल्या होत्या. वर्षभरात गाल फुगलेले, पोट सुटलेलं, हातपाय मात्र काटकुळे, कातडी इतकी पातळ की बांगडी घासली तरी काळानिळा डाग. शुगर नव्यानं निघालेली. त्या म्हणाल्या, “जेवण तर अर्ध्या भाकरीवर आणलं बाई, तरी अंग उतरंना.” खूप खोदून विचारल्यावर पुडी बाहेर आली. मी आहाराचा कागद बाजूला ठेवला आणि त्यांना सरळ फिजिशियनकडे पाठवलं.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. आई ही पुडी काही आठवड्यांपेक्षा जास्त दिवस घेत असेल, तर माझं हे वाचून आजच्या आज बंद करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं कमी करतं, आणि एकदम तोडलं तर माणूस गळून जातं, रक्तदाब पडतो, कधी जिवावर बेततं. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा, ते टप्प्याटप्प्यानं उतरवतील.

कॅल्शियमच्या डब्याचं म्हणाल तर गुडघेदुखी ही बहुतेक वेळा कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, झिजल्यामुळे असते. कॅल्शियम हाडासाठी असतं, त्यानं कूर्चा भरून येत नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम आणि जास्तीचं वजन कमी करणं यांचा गुडघ्याला डब्यापेक्षा जास्त उपयोग होतो. पण हाडांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो विचारायलाच हवा: आईची गर्भपिशवी काढली आहे का? आपल्याकडे, विशेषतः बीडकडच्या ऊसतोड करणाऱ्या बायांमध्ये, तिशी-पस्तिशीतच पिशवी काढल्याची उदाहरणं इतकी आहेत की २०१९ मध्ये राज्य सरकारला त्यासाठी समिती नेमावी लागली. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली असतील तर हाडं लवकर ठिसूळ होतात. अशा बाईला कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचा विचार लवकर करावा लागतो, हाडांची घनता तपासावी लागते. म्हणजे एकाच वयाच्या दोन आयांना उत्तर वेगवेगळं.

दुसरं, तुमच्या घरी प्यायचं पाणी कुठलं आहे? खोल बोअरचं असेल आणि गावातल्या पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे असतील, तर पाण्यातलं फ्लोराइड तपासून घ्या. मराठवाड्यात काही गावांना हा त्रास आहे, नांदेडचा किनवट भाग तर त्यासाठी माहीतच आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेलं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर सांधे आखडतात, कंबर धरते. ते दुखणं हुबेहूब संधिवातासारखं दिसतं. तिथं आधी पाणी बदलावं लागतं.

आणि ड जीवनसत्त्व. आपल्याकडं उन्हाला काय तोटा, असं सगळे म्हणतात. पण घरातच असणाऱ्या, डोक्यावर पदर, अंगभर साडी-ब्लाउज असलेल्या बाईच्या कातडीला ऊन लागतंच कुठं? रक्त तपासून कमी निघालं तर डॉक्टर साठ हजार युनिटची पुडी किंवा गोळी देतात, आठवड्याला एक. आठवड्याला, रोज नाही. हे दोनदा सांगते, कारण चिठ्ठी नीट न वाचता दोन महिने रोज घेणारी माणसं मी पाहिली आहेत. ड जीवनसत्त्व लघवीवाटे सहज निघून जात नाही, चरबीत साठतं. मग रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, बद्धकोष्ठता होते, सारखी तहान लागते, किडनीला इजा होते. ठरलेले आठवडे संपले की थांबून डॉक्टरांना विचारायचं.

वडिलांकडे वळू. तुम्ही लिहिलंय की ते शुगरसाठी मेटफॉर्मिन घेतात, पित्तासाठी सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल घेतात आणि माळकरी आहेत. तळपायाला मुंग्या येतात, “शुगरमुळे असेल.” असेलही. पण या तिन्ही गोष्टी एकाच माणसात आल्या की मला पहिल्यांदा बी-ट्वेल्व्ह हे जीवनसत्त्व आठवतं. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली की ते कमी शोषलं जातं. पित्ताच्या गोळीनं पोटातलं आम्ल कमी होतं, आणि अन्नातून बी-ट्वेल्व्ह सुटं व्हायला आम्ल लागतं. आणि ते भाकरीत, डाळीत, भाजीत नसतंच, फक्त प्राण्यांकडून येणाऱ्या अन्नात असतं. माळ घातलेल्या माणसाला दूध, दही, ताक एवढाच आधार. यकृतात याचा साठा काही वर्षं पुरतो, म्हणून कमतरता लगेच कळत नाही. माळ घातल्यावर चार-पाच वर्षांनी मुंग्या सुरू होतात आणि तोवर कोणी त्या दोन गोष्टींची सांगड घालत नाही.

गोळी सुरू करायच्या आधी रक्त तपासा. सुरू केल्यावर आकडा फुगलेला येतो आणि मुळात कमी होतं की नव्हतं हे कळायचा मार्ग बंद होतो. संचातल्या मल्टिव्हिटॅमिननं हे भागेल का? त्यात बहुधा रोजच्या गरजेएवढं, म्हणजे दोन-अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं. ज्याचं शोषणच बिघडलंय त्याला त्याचा उपयोग नाही. तिथं हजार-दीड हजार मायक्रोग्रॅमची गोळी किंवा इंजेक्शन लागतं. मोठ्या डोसमधला अगदी थोडा हिस्सा आतड्यातून आपोआप झिरपतो, तेवढा पुरतो. उशीर मात्र नको, फार दिवस उपाशी राहिलेली नस पूर्ण भरून येईलच असं नाही.

इथंच एक इशारा. “नसांच्या गोळ्या” म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच मिश्रणांत बी-सिक्स हे जीवनसत्त्व भरपूर असतं. ते मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने घेतलं तर त्यानंच हातापायाला मुंग्या येतात. म्हणजे दुखणं वाढतं आणि माणूस गोळीही वाढवतो.

आता बायको. मला विचाराल तर तुमच्या घरात सप्लिमेंटची सगळ्यात खरी गरज तिला आहे, आणि गंमत अशी की तिच्या गरजेचं सामान फुकट मिळतं. आरोग्य केंद्रातून, आशाताईंकडून गरोदर बाईला ज्या लाल गोळ्या मिळतात त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यायच्या असतात. कॅल्शियमच्या गोळ्याही बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत. कपाट उघडून बघा. दहातल्या सात घरांत त्या पाकिटासकट पडलेल्या असतात असा माझा अंदाज आहे. अंदाजच, मोजलेलं नाही. “सरकारी गोळीनं मळमळतं, शौचाला काळी होते” म्हणून बंद केलेल्या. शौचाला काळी होणं हे लोहामुळे होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या, थोडं कमी शोषलं जाईल पण पोटात तरी जाईल. दिवसाआड घेतली तरी शरीर चांगलं शोषून घेतं असं अलीकडच्या अभ्यासांत दिसतंय, पण ९.२ला रोज की दिवसाआड हे तिच्या डॉक्टरांना ठरवू द्या.

बहुतेकांची गोळी लागू न पडायचं कारण मात्र गोळीत नसतं, चहात असतं. एक मुलगी माझ्याकडे तीन महिने यायची, “गोळ्या तर खायलेय, पण ताकदच येईना.” आकडा ८.६ वरून ८.८. विचारलं, गोळी कशाबरोबर? सकाळच्या चहाबरोबर, म्हणजे विसरत नाही. चहा लोहाला धरून ठेवतो. गोळीच्या आधी तासभर आणि नंतर दोन तास चहा नको, दूध नको, कॅल्शियमची गोळी नको. त्याऐवजी लिंबूपाणी किंवा एखादा पेरू. तिची वेळ बदलली, महिनाभरात आकडा दहाच्या जवळ गेला. आकडा बारा झाला की पुन्हा सगळे थांबतात, तेही नको. रिकामा झालेला साठा भरायला पुढं साधारण तीन महिने लागतात. आणि बाळ आता रांगायला लागेल. या गोळ्या लाल, गोड दिसणाऱ्या असतात, लहान मुलानं मूठभर खाल्ल्या तर जीव जाऊ शकतो. वरच्या फडताळात ठेवा.

बीट खाऊन रक्त वाढत नाही. बीटाचा रंग लाल असतो, एवढंच त्याचं रक्ताशी नातं. गुळातही लोह लोकांना वाटतं त्यापेक्षा कमी. ज्वारी-बाजरीची भाकरी, तांदुळजा, तीळ, लोखंडी तवा-कढई, हे खरोखर उपयोगी. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या हैदराबादच्या पीक-संशोधन संस्थेच्या साथीनं २०१८ मध्ये आणलेल्या ‘परभणी शक्ती’ या ज्वारीच्या वाणात तर लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. बी मिळालं तर घरापुरता एक पट्टा जरूर पेरा. पण ९.२ वरून वर यायला गोळीच लागेल. आहार नंतर ते टिकवून धरतो.

केसांचं सांगते आणि पुढे जाते. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी केस झडणं बहुतेक बायांना होतं आणि सहसा वर्षभरात आपोआप थांबतं. लोह कमी असेल तर जास्त झडतात. त्यासाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या किंवा गमी कोणी सुचवल्या तर एक ध्यानात ठेवा: मोठ्या डोसचं बायोटिन काही रक्ततपासण्या चुकवतं, थायरॉइडचीसुद्धा. बाळंतपणानंतर थायरॉइड तपासायची वेळ येतेच. घेत असाल तर रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बंद ठेवा आणि लॅबवाल्याला सांगा. थायरॉइडची गोळी सुरू झालीच तर तिच्यात आणि लोह-कॅल्शियममध्ये चार तासांचं अंतर. आणि बाळाला रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब चालू आहेत ना, तेवढं बालरोगतज्ज्ञांना विचारा. संचात त्याचं नावही नाही.

तुमचं स्वतःचं. थकव्याला मल्टिव्हिटॅमिन देणं म्हणजे मोटार चालेना म्हणून स्टार्टर बदलणं. वायर तुटलीय, फ्यूज गेलाय की विहिरीत पाणीच नाही, हे आधी बघायला नको का? साधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, करा, तिच्यात बरंच कळतं. तांबड्या पेशी लहान असतील तर लोहाकडे बोट, मोठ्या असतील तर बी-ट्वेल्व्हकडे. दोन्ही कमी असेल तर आकार मधलाच, म्हणजे नॉर्मल दिसतो आणि फसवतो. पेशी लहान पण लोह व्यवस्थित असेल तर थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाचा अंश असू शकतो, तिथं लोहाच्या गोळ्या वाया. त्याबरोबर शुगर आणि थायरॉइड. वडिलांना शुगर असताना पस्तिशीतल्या मुलानं शुगर तपासायचीच. आणि पुरुषात लोह कमी निघालं तर गोळी खाऊन गप्प बसू नका. बाईला पाळी असते, पुरुषाचं रक्त जातंय कुठं, हे शोधावं लागतं: मूळव्याध, पोटातला अल्सर, कधी आतड्यातली गाठ. एवढं सगळं नीट निघालं तर झोप किती होते ते विचारेन. लाईट रात्रीची असेल तेव्हा पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला थकवा का येतो हे कोणत्या डब्यावर लिहिलेलं असणार?

भावाची गोष्ट सोपी आहे, त्याचा हिशोबच करू. वजन ६० किलो, सोळाशे मीटर पळणं, गोळाफेक, जोर-बैठका. अशा पोराला किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम, म्हणजे दिवसाला ७५ ते ९० ग्रॅम प्रथिनं पुरतात. चार भाकरीतून २४, दोन वाट्या घट्ट वरणातून ११, मूठ-दीड मूठ म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाण्यांतून १२, अर्धा लिटर दुधातून १६, तीन अंड्यांतून १८. झाले ८१. घरात वडील माळकरी, अंडी चालत नसतील तर भिजवलेले हरभरे आणि सोयाबीनच्या वड्या आहेतच. मला नेहमी वाटतं, सोयाबीनचं पोतं आपण मोंढ्यावर घालतो आणि येताना प्रोटीनचा डबा विकत आणतो. सोयाबीन कच्चं मात्र खाऊ नये, भाजून किंवा शिजवून. गव्हाच्या नऊ किलोला भाजलेलं एक किलो दळून आणलं तर घरात सगळ्यांनाच मिळतं.

पावडर वाईट नाही. सकाळी पाचला मैदानावर आणि नंतर दिवसभर अभ्यासिकेत बसणाऱ्या, मेसच्या पाणचट वरणावर जगणाऱ्या पोराला एखादा चमचा सोयीचा पडतो. तो घरी जेवतो की खोली करून राहतो, यावर माझं उत्तर ठरेल. घ्यायचीच तर बिल देणाऱ्या दुकानातून, सीलबंद. आणि घटकांची यादी वाचायची: जे सगळ्यात जास्त ते पहिलं लिहिलेलं असतं. पहिल्या-दुसऱ्या नावातच साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (साखरेच्याच जातीची पावडर) असेल तर तुम्ही प्रोटीनच्या भावात साखर घेताय. तीच पावडर वडिलांना देऊ नका. बारा वर्षांची शुगर असलेल्या माणसाची किडनी तपासल्याशिवाय प्रथिनं वाढवायची नसतात.

ओमेगाच्या कॅप्सूल डॉक्टरांनी ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, पाहून दिल्या तर ठीक. नाहीतर जवसाची चटणी खा. तिच्यातलं ओमेगा माशाच्या तेलाइतकं तयार नसतं, शरीर त्यातलं थोडंच बदलून घेतं, हे खरं. पण चटणीनं काही बिघडत नाही आणि भाकरी चार घास जास्त जाते. नोनीच्या रसाबद्दल मला एवढंच म्हणायचंय की त्यात पोटॅशियम बरंच असतं आणि वडिलांची किडनी अजून तपासलेली नाही.

कंपनीचं आता. डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेचा, चौदा आकडी परवाना क्रमांक असावा, पण तो म्हणजे माल गुणकारी असल्याचं प्रशस्तिपत्र नव्हे. अन्न म्हणून विकायची परवानगी, बस. म्हणूनच अशा डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. ते वाचून मग नातेवाइकाला विचारा, या डब्यांनी शुगर कशी उतरणार आहे? बी-ट्वेल्व्ह, लोह, कॅल्शियम, ड हे सगळं औषध म्हणूनही मिळतं, जनऔषधी दुकानात तर स्वस्तात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एक-एक घटक घेतला की काय लागू पडलं आणि काय बाधलं ते कळतं. पाच घटक एकदम सुरू केले आणि अंगावर पुरळ आलं, तर कोणाला धरायचं?

तर या महिन्यात मी तुमच्या जागी असते तर साडेसात हजारांतले थोडे तपासण्यांवर घातले असते: तुमची सीबीसी, शुगर, थायरॉइड, वडिलांचं बी-ट्वेल्व्ह आणि किडनीसाठी क्रिएटिनिन, आईचं ड आणि कॅल्शियम. बायकोच्या गोळ्या कपाटातूनच सुरू, फक्त पाकिटावरची मुदत बघून. भावाला अंडी किंवा हरभरे. बाकी पैसे राहू द्या.

नात्यातला माणूस आहे, तोडून बोलता येणार नाही, हे समजतं मला. “रिपोर्ट आले की बघू” म्हणा, तेवढ्यावर तो महिनाभर थांबतो. आईची पुडी मात्र रिपोर्टची वाट बघणारी नाही. याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे न्या, शुगर आणि रक्तदाब तिथंच मोजून घ्या, आणि एक पुडी न उघडता तशीच सोबत ठेवा. किती महिने झाले आणि दिवसातून किती वेळा, हे आईला निवांत विचारून कागदावर लिहून न्या. दवाखान्यात विचारलं तर त्या “कधीमधीच घेते” म्हणतील.